वाचकांचे प्रश्न: हिवाळ्यातील पांढरी बाग

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पांढऱ्या फुलांविषयी होती, म्हणून हे सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेच्या सोयीसाठी प्रश्न थोडक्यात मांडले असून, दोन पत्रांत एकच शंका होती तिथे दोघांना मिळून एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : हिवाळ्यात फक्त पांढरी फुले असलेला एक वाफा करावा असे मनात आहे. पण वाचनात आलेल्या एका यादीत स्नोड्रॉप, हेलेबोर, हेदर अशी नावे आहेत आणि दुसरीत पिटुनिया, अ‍ॅलिसम, फ्लॉक्स. दोन्ही याद्या ‘हिवाळ्यासाठी’ असल्याचे सांगतात. कोणती खरी मानावी?

उत्तर : दोन्ही खऱ्या आहेत, मात्र त्या दोन वेगळ्या हिवाळ्यांसाठी आहेत. रोपांच्या दृष्टीने पाहिले तर एका हिवाळ्यात पारा आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहतो, जमीन गोठते आणि बहुतेक झाडे झोपी जातात. दुसऱ्यात रात्री थंड आणि दिवस उबदार असतात, आकाश निरभ्र असते आणि हंगामी फुलझाडांना वर्षातला सर्वांत सुखाचा काळ मिळतो. आपला हिवाळा यांपैकी कोणता, हे ठरवल्याशिवाय एकही बी किंवा कंद विकत घेऊ नये. महिन्यांच्या नावांवरही विसंबू नये, कारण उत्तर गोलार्धातील डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगाम दक्षिण गोलार्धात जून ते ऑगस्टमध्ये येतो आणि पुस्तकांतील वेळापत्रके बहुधा उत्तरेकडच्यांसाठीच लिहिलेली असतात.

कडक हिवाळ्यात पांढऱ्या बागेचा मुख्य आधार म्हणजे बहुवर्षायू झाडे. ‘ख्रिसमस रोझ’ या नावाने ओळखले जाणारे हेलेबोरस नायजर गुलाबाच्या कुळातले मुळीच नाही, पण भर थंडीत ते जमिनीलगत मोठी, स्वच्छ पांढरी फुले देते. त्याच्या पाकळ्या म्हणून आपण जे पाहतो ती खरे तर निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले, असतात आणि म्हणूनच ती गळून न पडता कित्येक आठवडे टिकतात. हिवाळी हेदरची ‘स्प्रिंगवुड व्हाइट’ ही जात जमिनीवर पसरते. इतर बहुतेक हेदरांना चुनखडीची जमीन चालत नाही, हिला ती सोसते. झुडपांमध्ये व्हायबर्नम टायनसच्या कळ्या गुलाबी आणि फुले पांढरी असतात. सार्कोकोका या सदाहरित झुडपाची फुले इतकी लहान असतात की ती दिसण्याआधी त्यांचा सुगंधच आपल्याला थांबवतो. ज्यांना फुलांच्या पलीकडे पाहायचे आहे त्यांनी पांढऱ्या सालीचा हिमालयीन बर्च जरूर विचारात घ्यावा, कारण पाने गळून गेल्यावर उभे राहिलेले ते पांढरे खोड कोणत्याही फुलापेक्षा अधिक काळ साथ देते.

सौम्य हिवाळ्यात काम बियांपासून सुरू होते आणि यश जवळजवळ पूर्णपणे तारखेच्या हिशेबावर अवलंबून असते. ज्या आठवड्यात फुले हवीत तेथून मागे मोजत जावे. अ‍ॅलिसमला पेरणीपासून सहा ते आठ आठवडे पुरतात, फ्लॉक्स आणि कँडीटफ्टला आठ ते दहा, पिटुनियाला दहा ते बारा आणि अँटिऱ्हिनमला चौदा-सोळा आठवडेही लागतात. सगळ्यांची पेरणी एकाच रविवारी करणाऱ्याच्या वाफ्यात अ‍ॅलिसम थकून जाते तेव्हा अँटिऱ्हिनमला नुकत्या कळ्या येत असतात. आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अ‍ॅलिसम आणि पिटुनियाच्या बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो, म्हणून त्यांच्यावर माती न घालता त्या केवळ हलक्या हाताने दाबाव्यात. पिटुनियाचे बी तर इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया मावतात, तेव्हा ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून पेरलेले बरे. दुसरे असे की कँडीटफ्टला मुळे हलवलेली आवडत नाहीत, त्यामुळे ते थेट जागेवर पेरून नंतर विरळ करावे.

प्रश्न : मागच्या हंगामात वाफ्यातील प्रत्येक रोप पांढऱ्या फुलांचेच निवडले होते. फुले भरपूर आली, तरीही वाफा उठून दिसला नाही. उलट काहीसा मळकट वाटला. चूक कुठे झाली असावी?

उत्तर : या पत्राचे विशेष कौतुक वाटले, कारण बहुतेक लोक ही खंत मान्य करत नाहीत, ते पुढच्या वर्षी आणखी पांढरी रोपे लावतात. पांढऱ्या फुलांना उठाव आणतो तो त्यांच्या शेजारचा रंग, आणि आपल्या वाफ्यात तो शेजार बहुधा नव्हता.

पांढऱ्या पाकळीत पांढरा रंग असा काही नसतो. तिच्या पेशींमध्ये दिसेल असे रंगद्रव्य नसते. पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. एखादी पांढरी पाकळी दोन बोटांत दाबून पाहावी: हवा निघून जाते आणि दाबलेला भाग काचेसारखा अर्धपारदर्शक होतो. पडेल तो प्रकाश परत टाकणारी अशी पाकळी फिकट भिंतीपुढे किंवा उघड्या मातीवर ठेवली तर तिला उठाव मिळत नाही. मागे गडद हिरव्या, दाट पानांचे कुंपण असेल तर तीच पाकळी लखलखते. म्हणून फुलांच्या आधी पाने निवडावीत. पार्श्वभूमीला गडद सदाहरित झुडूप, मधल्या भागात डस्टी मिलर किंवा आर्टेमिसियासारखी रुपेरी पाने आणि त्यांच्या पुढे फुले, अशी रचना क्वचितच फसते. इंग्लंडमधील केंट परगण्यात सिसिंगहर्स्ट येथे लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी १९५० च्या सुमारास केलेली पांढरी बाग जगभर नावाजली गेली, आणि तिच्यात करड्या व हिरव्या पानांचा वाटा पांढऱ्या फुलांइतकाच आहे. ती बाग भरात येते ती मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्यामुळे तिची रचना उचलावी, रोपांची यादी उचलू नये.

मळकटपणाची दोन कारणे संभवतात. पहिले म्हणजे शुद्ध पांढरा आणि साईसारखा पिवळसर पांढरा शेजारी आले तर दुसरा जुनाट, न धुतल्यासारखा दिसतो. एकेकटे दोन्ही सुंदर असतात, म्हणून रोपवाटिकेत ही गोष्ट ध्यानात येत नाही. रोपे घेताना एक कोरा कागद सोबत ठेवून फूल त्यावर धरून पाहावे. दुसरे कारण अधिक साधे आणि अधिक वेळा आढळणारे आहे: सुकलेली फुले काढलेली नसतात. लाल किंवा जांभळ्या वाफ्यात चार कोमेजलेली फुले झाकली जातात, पण पांढऱ्या वाफ्यात तपकिरी झालेली एकच पाकळी लांबून दिसते. थंड आणि दमट हवेत या मेलेल्या पाकळ्यांवर करडी बुरशी धरते, आणि तिचे सूक्ष्म ठिपके मग ताज्या फुलांवरही उमटतात. म्हणून पांढरी बाग करणाऱ्याने एक दिवसाआड दहा मिनिटे फुले खुडण्यासाठी राखून ठेवावीत, पाणी सकाळी आणि मुळांशी द्यावे आणि फुलांवर फवारा मारण्याचा मोह टाळावा. अ‍ॅलिसमची फुले एकेक खुडणे अशक्य आहे. पहिला बहर ओसरला की ते कात्रीने एक-तृतीयांश छाटून टाकावे, ते पुन्हा फुलते.

एक सूचना जागेविषयी. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि आपण घरी परतेपर्यंत बहुधा संधिप्रकाशच उरलेला असतो. अशा उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग सर्वांत आधी काळवंडलेला दिसतो, पांढरा शेवटपर्यंत दिसत राहतो. तेव्हा हा वाफा बागेच्या टोकाला न करता दारापाशी, पायवाटेच्या कडेला किंवा बसण्याच्या खोलीच्या खिडकीसमोर करावा.

प्रश्न : स्नोड्रॉपचे पन्नास कंद लावले, जेमतेम सहा-सात उगवले. आमच्याकडे बर्फ पडतो, त्यामुळे थंडी कमी पडली असे म्हणता येणार नाही.

उत्तर : थंडी पुरेशी आहे, तेव्हा संशय कंदांवरच जातो. कांद्यासारखे जाड, कोरडे आवरण असलेले कंद महिनोन्महिने कागदी पिशवीत राहू शकतात, पण स्नोड्रॉपच्या कंदाचे आवरण पातळ असते आणि दुकानाच्या फळीवर तो आतून वाळून जातो. बाहेरून पाहता हे कळत नाही. यावर जाणकार माळ्यांचा जुना उपाय असा की कंद कोरडे न घेता, फुले संपल्यावर पाने हिरवी असतानाच मुळांसकट उपटलेले झुबके घ्यावेत आणि त्याच दिवशी लावावेत. जागा पानगळ होणाऱ्या झाडाखालची असावी, जिथे हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली मिळते. मातीत कुजलेला पाला भरपूर असावा आणि कंद सात ते दहा सेंटिमीटर खोल जावा. कोरडेच कंद घ्यावे लागले तर ते बाजारात येताच घ्यावेत.

कंद कोठून आले, हेही विक्रेत्याला विचारावे. रानातून प्रचंड प्रमाणावर उपसले गेल्यामुळे स्नोड्रॉपच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या, करारान्वये नियंत्रित आहे. रोपवाटिकेत वाढवलेलेच कंद घेणे योग्य. आणि कडाक्याच्या रात्रीनंतर सकाळी फुले जमिनीवर आडवी झालेली दिसली तर घाबरून जाऊ नये. ऊब येताच ती पुन्हा उभी राहतात.

प्रश्न : पांढऱ्या शेवंतीच्या चार कुंड्या आहेत. तीन कळ्यांनी भरल्या आहेत. फाटकाजवळची चौथी सर्वांत जोमदार, गर्द हिरवी आहे, पण तिला एकही कळी नाही. खत तेच, पाणी तेच.

उत्तर : फाटकावर रात्रभर दिवा जळतो का, एवढे पाहावे. दिवा असेल तर निदान झालेच म्हणून समजावे.

शेवंतीला कळी धरण्यासाठी दिवस लहान आणि रात्र मोठी व्हावी लागते. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते ही गोष्ट गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढचे कोडे आपल्यासारखेच होते: तंबाखूची एक जात शेतात माणसापेक्षा उंच वाढत राही, पण फुले येतच नसत, हिवाळ्यात काचगृहात मात्र तीच जात लहानपणीच फुले. पुढच्या प्रयोगांतून असे उघड झाले की अशी झाडे दिवसापेक्षा रात्र मोजतात, आणि तीही अखंड रात्र. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ जरी उजेड पडला तरी झाडाच्या लेखी त्या रात्रीचे दोन लहान तुकडे होतात आणि ते पाने वाढवण्याच्या कामाला परत जाते. व्यापारी शेवंती पिकवणारे याच गोष्टीचा जाणूनबुजून उपयोग करतात: दांडे पुरेसे लांब होईपर्यंत मध्यरात्री काही तास दिवे लावून ते फुलणे रोखून धरतात. आपल्या फाटकावरचा दिवा नकळत तेच काम करत आहे, आणि त्यासाठी तो फार प्रखर असावा लागत नाही.

कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवावी. ते शक्य नसेल तर रोज संध्याकाळी पाच वाजल्यापासून सकाळी सातपर्यंत तिच्यावर जाड काळे कापड किंवा खोके उपडे ठेवावे आणि कळ्यांना रंग दिसू लागेपर्यंत एकही रात्र चुकवू नये. येथून पुढे बहुतेक जातींना आठ ते दहा आठवडे लागतात, म्हणजे ही कुंडी उशिरा का होईना, पण फुलेल. आणि बाकीच्या तिघी संपत आल्या असताना ती फुलली तर तोटा काहीच नाही. पांढऱ्या पॉइन्सेटियाला हाच नियम लागू आहे.

प्रश्न : पांढऱ्या पिटुनियाचे बी जपून ठेवले आणि पेरले. निम्म्याहून अधिक रोपांना फिकट जांभळी फुले आली. बी बदलले गेले असण्याची शक्यता नाही.

उत्तर : बी बदललेले नाही, पूर्वज डोकावले आहेत. आज बागेत असणारी पिटुनिया मुख्यतः दोन रानटी जातींच्या संकरातून आली. त्यांपैकी एक पांढरी, रात्री सुगंध देणारी आणि निशाचर पतंगांना बोलावणारी, तर दुसरी जांभळी आणि दिवसा मधमाश्यांवर विसंबणारी. पाकिटातले बी बहुधा पहिल्या पिढीचे संकरित असते. ती पिढी एकसारखी दिसते, पण तिच्या बियांतून निघणाऱ्या पुढच्या पिढीत गुण पुन्हा वेगवेगळे होतात. त्यातच शेजारच्या रंगीत पिटुनियाचे परागकण कीटकांनी आणले असतील तर मग विचारायलाच नको.

दोन्ही पालक पांढरे असले तरीही खात्री देता येत नाही, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटसन आणि पनेट या ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञांनी स्वीट पी या वाटाण्याच्या कुळातील सुगंधी फुलवेलीच्या दोन पांढऱ्या फुलांच्या रोपांचा संकर केला आणि सगळी संतती जांभळी निघाली. जांभळा रंग तयार होण्यासाठी दोन वेगळे घटक लागतात. एका पांढऱ्या रोपात एक घटक सदोष होता, दुसऱ्यात दुसरा, आणि संततीत दोन्ही चांगले घटक एकत्र आले. त्या पुढच्या पिढीत मात्र सोळांपैकी नऊ जांभळी आणि सात पांढरी असे प्रमाण मिळाले. आपल्या वाफ्यातील गणित याहून गुंतागुंतीचे आहे, पण प्रकार त्याच घराण्यातला आहे.

पिटुनियाचे पांढरे रोप टिकवायचेच असेल तर बी धरू नये. कळी नसलेल्या शेंड्याची बोटभर लांबीची फांदी घेऊन तिची कलमे करावीत. बी धरण्याची हौस स्वीट पीवर भागवावी. तिचे फूल बहुतेक वेळा उमलण्यापूर्वीच स्वतःच्या परागाने फळते, म्हणून साध्या, असंकरित पांढऱ्या जातीचे बी पांढरेच राहते. स्टॉक या हंगामी फुलझाडाच्या दुहेरी फुलांच्या रोपावर मात्र बियांची वाट पाहत बसू नये. ते वांझ असते.

प्रश्न : पांढऱ्या शेवंतीवर आणि हेलेबोरवर गुलाबी छटा आली आहे. हा रोग आहे काय?

उत्तर : नाही. थंड रात्रींत काही पांढऱ्या शेवंतींच्या पाकळ्यांत लालसर द्रव्य तयार होते आणि फूल जुने होत जाते तशी छटा गडद होते. हेलेबोरची फुले तर वय झाले की गुलाबी किंवा हिरवी होतातच. औषध फवारू नये. छटा नको असेल तर शेवंतीची कुंडी भिंतीच्या उबेला ठेवावी. मात्र डाग तपकिरी, गोल आणि दिवसागणिक पसरणारे असतील तर वर सांगितलेल्या बुरशीची शंका घ्यावी.

प्रश्न : पेपरव्हाइट नर्गिस खड्यांवर, पाण्यात वाढवतो. फुले येतात, पण दांडे फूट-दीड फूट वाढून कोलमडतात. कंदही दरवर्षी नवे घ्यावे लागतात.

उत्तर : पेपरव्हाइटला थंडीचा काळ लागत नाही, म्हणून सौम्य हवामानातही तो चार ते सहा आठवड्यांत घरात फुलतो. दांडे लांबण्याचे कारण कमी उजेड आणि जास्त ऊब. मुळे धरेपर्यंत कंद थंड जागी ठेवून, नंतर ते सर्वांत उजेडाच्या पण गार खिडकीत न्यावेत. पाणी केवळ कंदाच्या बुडाला टेकेल इतकेच असावे.

याखेरीज एक उपाय असा आहे की तो ऐकताना थट्टा वाटते, परंतु तो अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात तपासला गेलेला आहे आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोंब तीन ते पाच सेंटिमीटर उंच झाले की साधे पाणी ओतून टाकावे आणि त्याऐवजी चार ते सहा टक्के अल्कोहोल असलेले पाणी घालावे. झाडाला पाणी ओढून घेणे किंचित अवघड जाते, वाढ आखडते आणि दांडे सुमारे एक-तृतीयांश आखूड राहतात, फुले मात्र नेहमीच्याच आकाराची येतात. औषधांच्या दुकानात मिळणारे सत्तर टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याच्या एका भागाला अकरा भाग पाणी घ्यावे. प्रमाण दहा टक्क्यांवर गेले तर रोप मरू शकते. बिअर किंवा वाइन वापरू नये, त्यांतील साखरेने मुळे सडतात.

कंदांविषयी: खड्यांवर पाण्यात फुललेला कंद स्वतःचा साठा संपवून बसलेला असतो, त्यामुळे तो पुढच्या वर्षी कामाचा राहत नाही. तो खतात टाकावा आणि मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न : घरात लहान मूल आणि मांजर आहे. यांपैकी कोणती रोपे टाळावीत?

उत्तर : हेलेबोरचे सर्व भाग विषारी आहेत, स्नोड्रॉप आणि नर्गिस यांचे कंद विषारी आहेत, आणि स्वीट पीच्या शेंगा वाटाण्यासारख्या दिसत असल्या तरी बिया खाण्याजोग्या नाहीत. स्नोड्रॉपमध्ये आढळणारे गॅलँटमाइन हे द्रव्य अल्झायमरच्या रुग्णांना औषध म्हणून देतात, यावरून त्याच्या परिणामाची कल्पना यावी. नर्गिसाचे कंद स्वयंपाकघरात कांद्यांजवळ कधीही ठेवू नयेत. तोंडात माती घालण्याच्या वयाचे मूल असेल तर अ‍ॅलिसम, अँटिऱ्हिनम, स्टॉक, पिटुनिया आणि पांढरी पॅन्सी यांवर समाधान मानावे. शेवंती चघळल्यास मांजराला त्रास होतो. तिची कुंडी उंचावर ठेवावी.

प्रश्न : पांढऱ्या कॅमेलियाच्या कळ्या उमलता उमलता तपकिरी होतात. झाड पूर्वेकडच्या भिंतीला लागून आहे.

उत्तर : कारण आपणच पत्रात लिहिले आहे. रात्री गोठलेल्या कळीवर सकाळचे पहिले ऊन पडले की ती फार झपाट्याने वितळते आणि पाकळ्यांच्या पेशी फुटतात. लाल जातीत हे फारसे लक्षात येत नाही, पांढरीत लगेच दिसते. झाड कुंडीत असेल तर ते पश्चिमेच्या किंवा उत्तरेच्या आडोशाला न्यावे. जमिनीत असेल तर कडाक्याच्या रात्री त्यावर पातळ कापड टाकून, गोठलेले दव पूर्ण वितळल्यावरच, म्हणजे साधारण नऊ-दहाच्या सुमारास, ते काढावे.